चांगुणाबाईंना मी बोलावलं होतं

चांगुणाबाई तांडेल आणि त्यांची मुलगी जयश्री. साल शहाण्णव, नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेअकराचा सुमार. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळचा एक लग्नाचा हॉल.

नावं, दिवस, जागा आधीच सांगून टाकली. नंतर सांगतो म्हटलं असतं तर सांगितली नसती — मला मी माहीत आहे. ही गोष्ट मी आजवर कुणाकडे बोललेलो नाही. घरी नाही, मित्रांत नाही. ज्यांच्याबरोबर मोर्च्यात घसा फोडला, पोलिसांच्या गाडीत बसलो, त्यांच्याकडेही नाही. तुला सांगतोय. तू कोण आहेस मला ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे.

तू माझं पत्रक वाचलं असशील कदाचित. गेल्या वर्षापासून मी ते डोंबिवली-कल्याणात वाटतोय. पत्रक साखळी पद्धतीच्या धंद्यांविरुद्ध आहे — आधी तुम्ही सामान घ्या, मग दोघांना घ्यायला लावा, ते आणखी दोघांना लावतील, आणि तुम्ही घरबसल्या राजे. जहाल लिहिलंय. लोक थांबवून पाठ थोपटतात. संदीप, बरं झालं, कुणीतरी बोललं. त्या पत्रकात एक वाक्य आहे — 'या सभांना साध्याभोळ्या आयांना खोटं सांगून बोलावलं जातं.'

कोण बोलावतं? ते पत्रकात नाही. वाचणाऱ्याला वाटतं, असेल कुणीतरी नालायक.

मी.

थांब, नीट सांगतो. मी ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीतला. कॉलेजला ठाण्याला जायचो. दुसऱ्या वर्षाला असताना एका संघटनेत शिरलो आणि पत्रकं लिहायला लागलो — पाण्याची, कचऱ्याची, फीवाढीची. आमच्या एका ताईंनी शिकवलेली रीत होती. पहिल्या परिच्छेदात दुःख, रोजचं, नाकाला झोंबेल असं. दुसऱ्यात शत्रू, एकच, ठळक. तिसऱ्यात हाक. शत्रू नसला तर पत्रक कुणी वाचत नाही, त्याची पुडी करून शेंगदाणे खातात. मला ही रीत फार लवकर जमली. इतकी, की पाण्याचं पत्रक लिहायला नळ कोरडा आहे की नाही हेही बघायची गरज उरली नाही.

कॉलेज संपलं आणि मला शिरीष सर भेटले. सर या धंद्यात माझ्या वरचे. टाय, चकचकीत बूट, आणि तुझं नाव एकदा ऐकलं की न विसरणारा माणूस. मला वाटलेलं, हे काहीतरी विकायला सांगतील. दातांची पेस्ट आणि भांडी घासायची पावडर होती म्हणा, पण तिचं नाव कुणी फारसं काढायचं नाही. बोलणं सगळं माणसाबद्दल. स्वतःला घडवा. सकाळी आरशासमोर उभे राहा आणि स्वतःला सांगा, मी जिंकणार. कॅसेट ऐका. निगेटिव्ह माणसं ओळखा आणि लांब ठेवा — मग ती घरातली का असेनात. व्यक्तिमत्त्व विकास म्हणायचे त्याला. दर रविवारी वर्ग.

आणि त्यातली मेख तुला सांगतो, कारण ती मला पहिल्याच महिन्यात कळलेली. माल खपला नाही, खाली माणसं जोडली गेली नाहीत, तर योजनेत काही खोट आहे असं कुणी म्हणायचं नाही. सर विचारायचे — कॅसेट ऐकलीस का? आरसा केलास का? म्हणजे चुकलंय ते तू. तुझ्या आत काहीतरी मेलेलं आहे, ते अजून उठलेलं नाही. माणसं रडत घरी जायची आणि पुढच्या रविवारी डबल हुरूपाने यायची. कळलेलं मला. पत्रकं लिहिणाऱ्याला हे कळणार नाही का? पण त्या हॉलमध्ये माझ्या शब्दांवर लोक उठून उभे राहायचे. पाण्याच्या पत्रकावर कोण उभं राहिलेलं?

जयश्री कॉलेजात माझ्या वर्गातली. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिची आई चांगुणाबाई बाजारात मासळीच्या ओट्यावर बसायची, वडील कारखान्यात. जयूला सरांकडे मी आणलं. पैशासाठी आली नव्हती ती. तिला एकच गोष्ट हवी होती — चारचौघांत उभं राहून बोलता यायला हवं. वर्गात उत्तर यायचं, पण हात वर जायचा नाही. बोलीतला शब्द तोंडून निसटला की मागच्या बाकावरून कुणीतरी नक्कल करायचं. आणि खरं सांगू? इथे येऊन ती सुधारलीही. हे लिहायला मला जड जातं, पण खोटं कशाला बोलू? चार महिन्यांत ती नव्या लोकांना स्वतःहून नमस्कार करायला लागली, माईक धरायला लागली. तिच्यात जे होतं ते बाहेर येत होतं. अशा वेळी मी मध्ये आलो.

आमच्याकडे एक पद्धत होती, 'माझी गोष्ट' नावाची. रविवारच्या सभेत एकाने स्टेजवर यायचं आणि पाच मिनिटांत सांगायचं — मी आधी कसा होतो, आता कसा आहे. नवीन आलेले पाहुणे त्यावरच विरघळायचे. योजनेचे आकडे कुणाला कळतात? गोष्ट कळते. आणि या गोष्टी लिहून द्यायचं काम सरांनी माझ्यावर टाकलेलं. तुझ्या हातात जादू आहे म्हणाले. मी फुगलो.

जयूची पाळी आली तेव्हा तिने तिची गोष्ट मला आधी ऐकवली. डेपोसमोरच्या हॉटेलात, चहा पिताना. आजही मला ती जवळजवळ पाठ आहे. ती म्हणाली, "मी लहानपणी शाळा सुटली की आईच्या ओट्यावर जाऊन बसायची. आई गिऱ्हाइकाशी कशी बोलते ना, तू बघच एकदा. कुणी साहेब असू दे, हवालदार असू दे, ती डोळ्याला डोळा देऊन बोलते. मला वाटायचं, मला पण असं यायला पाहिजे. तर मी असं सांगणार, की बोलायला मला आईने शिकवलं, आणि इथं येऊन मला ते आठवलं."

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "छान आहे. पण यात दुःख कुठाय?"

ती हसली. "नाहीये तर कुठून आणू? बाजारातून किलोभर आणू का?"

"अगं, आधी अंधार दाखवल्याशिवाय उजेड दिसत नाही लोकांना." हे वाक्य कॅसेटमधलं होतं. मी ते स्वतःचं असल्यासारखं बोललो. आणि मग चहा गार होईपर्यंत बसून मी तिची गोष्ट उलटी केली. दुःख — घरातला माशांचा वास. शत्रू — मला शत्रू लागतोच ना — शत्रू आई. मी लिहिलं, 'माझ्या आईच्या हातांना माशांचा वास यायचा, आणि मला वाटायचं तो माझ्या नशिबालाच येतोय.' मी लिहिलं, 'आई म्हणायची, शिकून काय दिवे लावणार, शेवटी टोपलीच उचलायचीय.'

जयूने वाचलं. "अरे, आई असं कधी बोलली नाय. टोपलीला हात लावू देत नाय ती मला."

"बोलली नसेल. पण तुला कधी वाटलं असेल ना तसं? कधीतरी? एकदा तरी?"

तिने कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "एकदा वाटलेलं. आईबरोबर बसमध्ये होते. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठली, तेव्हा."

"मग झालं की," मी म्हणालो.

मग झालं की. बघ, एका मुलीने आयुष्यातली सगळ्यात झाकलेली गोष्ट माझ्या हातात ठेवली, आणि मी ती पहिल्या परिच्छेदात घातली.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान ते चार भिंतींत राहिलं असतं. पण मला कल्पना सुचली — माझीच, सरांची नाही. जयूचं भाषण संपलं की जाहीर करायचं, हिची आई आज आपल्यात आहे. आईला स्टेजवर बोलवायचं. मायलेकी मिठी मारतील, हॉल रडेल, पाहुणे तिथल्या तिथे नाव नोंदवतील. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जयूला सांगायचं नाही असं ठरलं, म्हणजे रडणं खरं येईल.

मी बाजारात गेलो. चांगुणाबाई कोयत्यावर सुरमई कापत होत्या. मी सांगितलं, "मावशी, जयूचं भाषण आहे रविवारी. तिची फार इच्छा आहे तुम्ही यावं. पण ती लाजते, म्हणून मला पाठवलंय. घरी विषय काढू नका."

हे खोटं होतं. जयूला यातलं काही माहीत नव्हतं.

त्यांनी कोयता थांबवला. "तिनी सांगला?"

"हो मावशी."

"मग येन की. पन मना पुढं बसव हां. बाजारच्या गलक्यान कान गेलं माझं."

तेव्हाच म्हणता आलं असतं, की मावशी, राहू द्या. मी म्हणालो, हो, पुढे बसवतो.

रविवारी त्या आल्या. मी दारातच होतो. काय सांगू तुला — हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, गळ्यात, कानांत, हातांत सोनं. सण नुकताच झालेला, ते दागिने पुन्हा काढून घातलेले, मुलीच्या भाषणासाठी. त्या हॉलमध्ये त्यांच्याइतकं नटून कुणी आलेलं नव्हतं. माझ्या कागदावरच्या आईशी या बाईचा काही संबंध नव्हता. मला ते दिसलं. डोळ्यांसमोर दिसलं. मी त्यांना दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

जयूला मी स्टेजच्या मागे थांबवून ठेवलं होतं. तिला शिकवलेलं — बोलताना माणसांकडे बघायचं नाही, मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, म्हणजे भीती वाटत नाही. ती तशीच बोलली. सुंदर बोलली. आवाज कापला नाही, एकही शब्द अडला नाही. हातांचा वास आला, नशीब आलं, टोपली आली. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझी नजर दुसऱ्या रांगेवर होती. चांगुणाबाई आधी हसत होत्या, मुलगी बोलतेय म्हणून. शेजारणीला कोपराने खुणावलं त्यांनी, ही माझी. मग 'माझ्या आईच्या हातांना' हे वाक्य आलं. त्या हसतच राहिल्या — कदाचित नीट ऐकू आलं नसेल, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. पण मी पाहिलं. त्यांनी मांडीवरचे दोन्ही हात उचलले आणि पदराखाली घेतले.

मला अजून धक्का बसतो तो याचा — मी खूण थांबवली नाही. सर माझ्याकडे बघत होते, मी मान हलवली की पुढची घोषणा. कशासाठी हलवली मी मान? पाय अडकलेले नव्हते माझे. तोंड बांधलेलं नव्हतं. बाहेर डेपोत नाशिकच्या गाडीची घोषणा चाललेली, ती संपेपर्यंत मी थांबलो, म्हणजे आमची घोषणा नीट ऐकू जाईल. आणि मान हलवली.

टाळ्यांत चांगुणाबाई स्टेजवर चढल्या. जयूने घड्याळावरून नजर खाली आणली. तिचा चेहरा मी तुला सांगणार नाही. सरांनी हात पुढे केला, मावशींनी हात बाहेर काढला नाही. माईक तोंडाशी धरला, "मावशी, मुलीबद्दल काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "चांगली बोलली माझी पोर." बस्, एवढंच. हॉल उभा राहिला. लोक डोळे पुसत होते. ठरलेली मिठी झाली नाही, कारण मिठी मारायला हात लागतात, ते पदरातच होते. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवशी खूप पाहुणे जोडले गेले. सर म्हणाले, संदीप, आजवरची बेस्ट.

मागच्या जिन्यात जयूने मला गाठलं. एकच विचारलं. "आईला कुणी बोलावलं?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. "आपणहून आल्या असतील."

हाच तो खोटेपणा. बाकी सगळं तू एकवेळ मूर्खपणात घाल, पण हे नको घालूस. आणि वर मी काय म्हणालो माहितेय? म्हणालो, तुला आत्ता जे वाटतंय ना, ती तुझी जुनी जयू आहे, तिच्यावर काम कर. कॅसेट दिली तिला. दिली मी, हाताने.

पुढचं ऐक. जयूने घर सोडलं. कल्याणला एका दवाखान्यात नोकरी धरली, मैत्रिणीबरोबर राहते. एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "मी बाहेर काय बोलते ते ऐकायला आली होती ती, संदीप. मला न सांगता. आणि ऐकलंन. आता कुठल्या तोंडाने जाऊ?" मी ऐकून घेतलं. मान डोलावली.

आणि काही महिन्यांनी बाजारात चांगुणाबाईंनी मला हाक मारली. मला. "जयू बरी हाय ना रं?" — स्वतःच्या मुलीची खुशाली त्या मला विचारत होत्या. मी मांदेली घेत होतो. त्या म्हणाल्या, "तिनीच बोलवला मना, तिला सांगाचाच व्हता. घरान सांगला असता तरी चालला असता. चार लोकांत कशाला?"

तेव्हा मला कळलं. पिशवी हातात धरून उभा होतो आणि कळलं. आई समजतेय, मुलीने मुद्दाम बोलावून चारचौघांत अपमान केला. मुलगी समजतेय, आई चोरून ऐकायला आली. मी घरी विषय काढू नका म्हटलेलं, ते त्या बाईने आजपर्यंत पाळलंय. दोघींच्या मध्ये एक वाक्य उभं आहे आणि ते फक्त माझ्याकडे आहे. तिथे, त्या ओट्यासमोर, ते बोलायला किती वेळ लागला असता? त्यांनी मूठभर मांदेली वरून घातली. जयूचा दोस्त म्हणून. मी थँक्यू म्हणालो आणि निघालो. घरी आईने ती तळली. मी खाल्ली.

धंदा मी नंतर सोडला, पण यामुळे नाही. सरांनी 'माझी गोष्ट' लिहायचं काम दुसऱ्याला दिलं, त्या रागाने. मग तोच राग घेऊन पत्रक लिहिलं. पहिल्यात दुःख, दुसऱ्यात शत्रू. शत्रू म्हणून कंपनी होती, सर होते. मी नव्हतो.

आणखी एक. माझी आई ठाकुर्लीत. रविवारी सकाळी मोकळीच असते, आणि संदीप काय करतो हे बघायची तिला हौस. त्या सगळ्या काळात मी शेकडो लोकांना आई-वडिलांना आणा म्हणून सांगितलं. तिला एकदाही आणलं नाही.

हे लिहितानाही मी त्या दोघींना विचारलेलं नाही. त्यांची गोष्ट दुसऱ्यांदा लोकांपुढे मांडतोय, न विचारता. ते माहीत असूनच लिहितोय.

उद्या सकाळी मी बाजारात जाणार आहे, तिथून कल्याणला. पण मी त्या बाजारात याआधीही गेलेलो आहे आणि मासे घेऊन परत आलेलो आहे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तू ठाण्याचा असशील तर मासळी बाजारात जा. चांगुणाबाई तांडेल कुठे बसतात विचार, कुणीही दाखवेल. त्यांना विचार, संदीप येऊन काही बोलला का. नाही म्हणाल्या, तर हे त्यांना वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून, मोठ्याने — त्यांना कमी ऐकू येतं. जयूने त्यांना बोलावलं नव्हतं, हे दोनदा सांग. आणि माझं नाव गाळू नकोस.